हात वाकडे झाल्यावर दाखला. त्याआधी औषध का नाही?

आपल्या राज्यात बोटे वाकडी होऊन निकामी झालेल्या माणसाला शासन दिव्यांगत्वाचा दाखला देते. टक्केवारी चाळीसवर गेली की सवलती सुरू होतात. संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा अनुदान मिळते. २०२३ मध्ये ते दीड हजार झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. गुडघा पुरता निकामी झाला तर आयुष्मान भारतच्या यादीत गुडघा बदलण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण बोटे वाकडी होऊ नयेत, गुडघा निकामी होऊ नये म्हणून जे औषध जगात पंचवीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे, ते मजुराला हक्काने मिळेल अशी व्यवस्था मात्र नाही. मोडल्यावर पैसे देऊ, मोडू नये म्हणून देणार नाही, हा कुठला न्याय? शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यातून हा प्रश्न आम्ही विचारतो आहोत. हा डॉक्टरांचा विषय आहे, वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी यात पडू नये, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे उलट आहे. कोणाच्या हातापर्यंत औषध पोहोचते आणि कोणाच्या हातापर्यंत पोहोचत नाही, हे डॉक्टर ठरवत नाही. ते कायदा ठरवतो, योजनेचे परिपत्रक ठरवते आणि त्या परिपत्रकात कोणाला माणूस म्हणून मोजले यावर ते ठरते.

आधी रोग समजून घेऊ. आपल्याकडे सांधे दुखले की सगळ्याला 'वात' म्हणण्याची रीत आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तोही वात, आणि तिशी-चाळिशीतल्या बाईची बोटे सकाळी तासभर वळत नाहीत तोही वात. दोन्ही एक नव्हेत. दुसऱ्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. सांधा झिजत नाही, आतून खाल्ला जातो. हा रोग पुरुषांपेक्षा बायांना दुपटी-तिपटीने होतो, आणि नेमका कष्टाच्या वयात होतो. पहिल्या एक-दोन वर्षांत नीट उपचार झाले तर सांधे वाचतात. ती वर्षे गेली की गेली.

खेड्यात हा रोग नसतो, हा शहरी डॉक्टरांचा समज महाराष्ट्रातच मोडला गेला. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाचा तो भाग होता. शंभरात अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले आणि साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला ऱ्हुमॅटॉइड. हे प्रमाण आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. त्यात प्रौढ दहा लाख धरले तर रुग्ण पाच हजारांच्या आसपास येतात. हा आमचा ढोबळ अंदाज आहे, मोजणी नाही. मोजणी करणे शासनाचे काम होते.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. या जिल्ह्यात शंभरातली एकोणसत्तर माणसे आदिवासी, आणि त्यांच्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे. सिकलसेलमध्येही सांधे ठणकतात. म्हणजे एकाच तक्रारीमागे दोन वेगळे रोग असू शकतात आणि दोघांचे औषध वेगळे. रक्त तपासल्याशिवाय हे कळत नाही. तपासणीची सोय जवळ नसली की माणूस वाताच्या पुडीकडे वळतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याची उदाहरणे देशभर सापडली आहेत. दोन दिवसांत बरे वाटते, बाई पुन्हा निंदणीला जाते. सांधा मात्र आतून खाल्ला जातच असतो, आणि वर हाडे ठिसूळ होतात ते वेगळेच.

आता हात काय चीज आहे, हे लोणखेड्याच्या आसपास कोणी कोणाला सांगायला नको. कापूस वेचायला बोटे लागतात. निंदणीला विळा धरायला मूठ लागते, मिरची खुडायला चिमूट लागते. दिवाळीनंतर आमची माणसे कोयता घेऊन बारडोलीकडे ऊस तोडायला जातात, तिथे जोडप्याने मिळून कोयता मोजला जातो. बायकोची मूठ वळेनाशी झाली की नवऱ्याची उचलही फिटत नाही. मुकादमाच्या वहीत रोगाचे नाव लिहिण्याचा रकाना नसतो. कारकुनाला हा रोग झाला तर तो रजा घेतो, त्याचे हाल होतात पण पगार चालू राहतो. मजुराला झाला तर पहिल्या दिवसापासून चूल थंड. ज्या समाजाकडे जमीन नाही, भांडवल नाही, त्याच्याकडे मालमत्ता म्हणून दोन हातच आहेत. त्या मालमत्तेचा विमा कोणी काढला आहे?

औषधांकडे येऊ. सुरुवातीलाच इंजेक्शन लागते असे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण महागड्या औषधाच्या मागे धावण्यात लोकांची शेते गेली आहेत. पहिले औषध मेथोट्रेक्सेट. ही स्वस्त गोळी आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. मूल होऊ घातलेल्या बाईने घ्यायची नाही, आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन यांसारखी औषधे असतात. बऱ्याच रुग्णांचे एवढ्यावर भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी बायोलॉजिक औषधे आली. जिवंत पेशींमध्ये तयार केलेली ही प्रथिने असतात; सांध्यात आग पेटवणारा टीएनएफ नावाचा जो घटक आहे त्यालाच ती अडवतात. एटानरसेप्ट अमेरिकेत १९९८ मध्ये आले, अडालिमुमॅब २००२ अखेर. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली.

आणि किंमत? अडालिमुमॅबचा हुमिरा हा ब्रँड जगात सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक झाला. २०२२ या एका वर्षात त्याची विक्री एकवीस अब्ज डॉलरवर होती. पेटंटांची भिंत अशी रचली की अमेरिकेतल्या रुग्णांना त्याचा स्वस्त पर्याय २०२३ पर्यंत मिळाला नाही. भारतात मात्र अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्येच तो बाजारात आणला. जगातला तो पहिला होता. पाठोपाठ अहमदाबादच्याच टोरेंट कंपनीने आणला. एटानरसेप्टचा पर्याय सिप्लाने २०१३ मध्ये आणला होता. म्हणजे आमची माणसे ज्या गुजरातेत ऊस तोडायला जातात, त्याच गुजरातेत हे इंजेक्शन तयार होते. औषध लांब नाही.

पण २०१४ मध्ये त्या एका इंजेक्शनची किंमत सुमारे दोनशे डॉलर सांगितली गेली, तेव्हाच्या दराने बारा हजार रुपयांच्या वर. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी १६८ रुपये होती. एका इंजेक्शनसाठी सत्तरहून अधिक दिवसांची मजुरी, आणि इंजेक्शन दर चौदा दिवसांनी! नंतर कंपन्या वाढल्या, स्पर्धेने भाव खाली आले हे खरे. परंतु अमेरिकेपेक्षा स्वस्त म्हणजे लोणखेड्याला परवडणारे, असा अर्थ दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित चर्चासत्रांतच निघू शकतो.

इथे एक गोष्ट नोंदवतो. पेटंट कायद्याने आपले काम बऱ्यापैकी केले आहे. २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(ड) आले. जुन्याच रेणूला किरकोळ बदल करून नवे पेटंट देण्यास त्याने मज्जाव केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस खटल्यात हे कलम उचलून धरले. ऱ्हुमॅटॉइडच्या टोफासिटिनिब या गोळीवरील फायझर कंपनीचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१५ मध्ये याच कलमाखाली फेटाळला. कलम ८४ खालची सक्तीची परवानगीही कागदावर राहिली नाही: २०१२ मध्ये कर्करोगाच्या नेक्साव्हर औषधाबाबत ती दिली गेली, महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हा परदेशी कंपन्यांना शिव्या देऊन आपले राज्यकर्ते सुटू शकत नाहीत. कारखान्याचे दार उघडले गेले आहे. कारखाना ते लोणखेडा हा शेवटचा पल्ला आहे, आणि तो पल्ला शासनाचा आहे.

त्या पल्ल्यावर कोण चालू शकतो ते पाहा. केंद्र सरकारचा कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांना केंद्रीय आरोग्य योजना आहे, रेल्वेला रेल्वेची रुग्णालये आहेत, माजी सैनिकांना त्यांची योजना आहे. तज्ज्ञांची मंजुरी घेऊन तिथे महागडी औषधेही मिळतात, आणि त्यासाठी रुग्णालयात भरती व्हावे लागत नाही. ही सोय कोणाकडून काढून घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. आमच्या समाजातील जी मुले आरक्षणामुळे नोकरीत गेली, त्यांच्या आईवडिलांना याच सोयीने तारले आहे. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

कारखान्यातल्या कामगाराला राज्य विमा योजना आहे. तिचे मूळ आज किती जणांना ठाऊक आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच खात्याने १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले आणि १९४४ मध्ये अहवाल आला. पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून अंमल सुरू झाला. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, कामगार आजारी पडला तर दवाखान्यात जाऊन औषध घेतो आणि घरी येतो. खाटेवर आडवे व्हावे लागत नाही. आणि आजारपणात मजुरी बुडाली तर रोख भत्ताही मिळतो. औषध आणि बुडालेली मजुरी, दोन्हींचा विचार तिथे एकत्र झाला होता. गरिबासाठी रोग म्हणजे काय, हे ज्यांना कळले होते त्यांच्या काळातली ती योजना होती.

पण त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात एक दार बंद केलेले होते. हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू नाही. हंगामी म्हणजे कोणते? व्याख्येत नावे दिली होती: सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ तयार करणे. शहादा-नंदुरबारचा माणूस ही यादी वाचील तर त्याला वाटेल, आपल्याच तालुक्याकडे पाहून कोणी ती लिहिली की काय! जिनिंग आणि साखर याखेरीज इथे दुसरे होते काय? १९४८ मध्ये नवी योजना सुरू करताना मर्यादा घालावी लागली असेल, ते आम्ही समजू शकतो. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली, जुना कायदा गेला, मोठा गाजावाजा झाला; आणि हंगामी कारखाना मात्र विम्याच्या बाहेर तसाच ठेवला. ऊसतोड कामगार तर कारखान्याचा कामगारच मानला जात नाही, तो मुकादमाचा माणूस. शेतमजूर कोणाचाच नाही. सत्त्याहत्तर वर्षे गेली, आणि गावकुसाबाहेरची माणसे विम्याच्या कुसाबाहेरही तशीच उभी आहेत.

त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, असे उत्तर येईल. आहेत. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले गेले. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. २०२३ च्या निर्णयाने राज्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत नेले आणि सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ते खुले केले. या योजनांनी हृदयाच्या आणि कर्करोगाच्या अनेक गरीब रुग्णांचे प्राण वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. मात्र त्यांची रचना पॅकेजची आहे: भरती व्हा, उपचार घ्या, बरे होऊन घरी जा. बाह्यरुग्ण विभागात घेतलेले महिनोन्महिन्यांचे औषध या चौकटीत बसत नाही. आयुष्मान भारतमध्ये सुटी झाल्यावर पंधरा दिवसांची औषधे मिळतात, पुढे तुमचे तुम्ही. ऱ्हुमॅटॉइडचा रुग्ण भरती होत नाही. त्याचा रोग घरात, शेतात, चुलीपुढे चालू असतो. म्हणून तो योजनेला दिसत नाही. जेव्हा दिसतो, तेव्हा गुडघा बदलायची वेळ आलेली असते.

खाटेचा नियम दगडावर कोरलेला आहे, असेही नाही. डायलिसिसचा रुग्ण सकाळी येतो आणि दुपारी घरी जातो. त्याला योजनेत जागा मिळाली. कर्करोगाच्या केमोथेरपीलाही मिळाली. मग काही आठवड्यांच्या अंतराने सलाइनमधून द्यायच्या इन्फ्लिक्सिमॅबला किंवा पोटावर टोचायच्या अडालिमुमॅबला का मिळू नये? मूत्रपिंड निकामी झालेला माणूस मरतो आणि हात निकामी झालेला जगतो, एवढाच फरक असेल तर तो शासनाने उघडपणे सांगावा. जगतो म्हणजे कसा जगतो, ते आम्ही सांगू.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. गरिबाला ओळख मिळाली की योजना घरापर्यंत येतील, असे तेव्हा सांगितले होते. बारा आकड्यांचा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकासाठी अंगठा टेकवावा लागतो, आणि वाकड्या, सुजलेल्या बोटाचा ठसा यंत्र कसे घेते हे रेशन दुकानापुढे उभे राहिलेल्यांनाच विचारावे.

कायद्याचा आधार कोणता? राज्यघटनेचे कलम २१ जगण्याचा हक्क देते आणि कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवते. मार्गदर्शक तत्त्वांबद्दल बाबासाहेबांनी १९४८ मध्ये घटना समितीत बजावले होते की, ती मोडणाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागला नाही तरी मतदारांपुढे द्यावाच लागेल. पुढे न्यायालयांनीही दार उघडले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे. हा खटला शेतमजुरांच्या संघटनेने चालवला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका रिक्षावाल्याच्या लहान मुलाचे प्रकरण आले. त्याला गोशे नावाचा दुर्मीळ रोग होता आणि औषधाला महिन्याला लाखो रुपये लागत होते. पैसा नाही एवढे म्हणून सरकारला मूलभूत जबाबदारीतून अंग काढता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि मोफत उपचाराचा आदेश दिला.

हे निकाल आमच्या हातात आहेत. तरीही वकील म्हणून आम्ही सांगतो की, एकेका रुग्णाने औरंगाबाद खंडपीठात धाव घेणे हा मार्ग नव्हे. एका याचिकेने एका माणसाला औषध मिळेल; पाच हजारांना धोरणच लागेल.

पैशाचा आक्षेप सगळ्यात आधी येतो, म्हणून त्याचे उत्तर. इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा एकट्या अडालिमुमॅबवर वर्षाला चाळीस कोटी पौंडांहून अधिक खर्च करी. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपातले पेटंट संपताच तिने सगळ्या रुग्णालयांसाठी एकत्र निविदा काढून कंपन्यांना स्पर्धेत उतरवले आणि त्यातले तीस कोटी पौंड वाचतील असे जाहीर केले. एकट्या रुग्णाला औषध महाग पडते. राज्याने एकत्र घेतले तर भाव राज्य ठरवते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अडालिमुमॅब आणि त्याचे स्वस्त पर्याय अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत, त्यात अडालिमुमॅब नाही. यादीत असणे ही शोभेची गोष्ट नव्हे: २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने यादीतल्या औषधाला कमाल किमतीचे बंधन आहे, यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

दुसरा आक्षेप क्षयरोगाचा, आणि तो गंभीर आहे. टीएनएफ अडवणाऱ्या औषधाने शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी, गरज पडल्यास आधी क्षयावर उपचार, आणि काविळीचीही तपासणी, हे सगळे करावेच लागते. पण यावरून आदिवासी जिल्ह्यात हे औषध नकोच, असा निष्कर्ष काढणे म्हणजे गरिबीची शिक्षा दोनदा देणे. क्षय तपासणारी यंत्रणा जिल्ह्यात आहे. तिला या कामाशी जोडायचे आहे, एवढेच.

या तालुक्याला मागणी करण्याची सवय आहे. १९७२ च्या सुमारास इथेच श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली भिल्ल शेतमजुरांनी मजुरी आणि जमीन मागितली, अंबरसिंग सुरतवंतींनी ती चळवळ पेटवली. आता औषध मागायचे आहे. पहिली मागणी स्वस्तातली आहे: जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातला एक दिवस संधिवातासाठी ठरवावा, अँटी-सीसीपी ही रक्ताची चाचणी मोफत व्हावी आणि मेथोट्रेक्सेटची गोळी शहाद्याच्या रुग्णालयात कधीही संपू नये. म्हणजे शहाद्याहून बसने नंदुरबार आणि तिथून रेल्वेने सुरत ही पायपीट थांबेल. एवढ्यावर ज्यांचे भागणार नाही, त्यांच्यासाठी महात्मा फुले योजनेत डायलिसिसच्या धर्तीवर बायोलॉजिकचे पॅकेज हवे. अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनांचा निधी दरवर्षी कुठे वळवला जातो यावर आपण खूप लिहिले आहे. जिल्हा नियोजन समितीने त्यातला वाटा या औषधासाठी ठेवून दाखवावा. आणि आपल्या खासदाराने संसदेत एकच प्रश्न विचारावा, की हंगामी कारखाना विम्याबाहेर का?

तोवर ज्यांच्या घरात हा रोग आहे त्यांनी प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट, औषधाची प्रत्येक पावती जपून ठेवावी. तरुण कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराच्या कलम ६ खाली जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज टाकावेत: गेल्या तीन वर्षांत मेथोट्रेक्सेटच्या किती गोळ्या खरेदी झाल्या, किती दिवस साठा शून्य होता, आणि अँटी-सीसीपीच्या किती चाचण्या झाल्या. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही.